पाठ झालेले कान

"हेच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुतळ्याला अर्धी फेरी घातली, परत समोर आल्या आणि म्हणाल्या, "पण हे नाहीत."

पुतळ्याला मेण लावायचं फडकं ताईंच्या हातात तसंच राहिलं. पुतळे करायला लागल्यापासूनच्या पस्तीस वर्षांत लोकांनी त्यांना बरंच काही ऐकवलं होतं. नाक बसकं झालंय, आमचे बाबा एवढे रागीट नव्हते, चष्मा कुठे गेला. पण एकाच दमात हो आणि नाही अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"आई, दोन्ही कसं असेल?" डॉक्टरांचा मुलगा म्हणाला. ऑफिसातून तासाभराची सुट्टी काढून तो आला होता आणि सारखा घड्याळाकडे बघत होता. "काहीतरी एक सांग."

"मला दिसतंय ते सांगतेय."

"मातीचा होता तेव्हा तूच मान डोलावलीस ना?"

"तेव्हा तुम्ही मला खुर्ची देऊन समोर बसवलं होतंत. समोरून ते दिसले, म्हणून मी हो म्हटलं."

मुलाने खिशातून फोटो काढला. डॉक्टरांचा धड असा तो एकच फोटो होता, समोरून काढलेला, मान ताठ, नजर कॅमेऱ्यात. त्याने भुवया बघितल्या, हनुवटीवरचा खड्डा बघितला. ताईंनी कॅलिपर उघडून दोन डोळ्यांमधलं अंतर मोजून दाखवलं. सगळं जिथल्या तिथे होतं. ब्राँझवर तपकिरी रंग छान बसला होता, कपाळावर खिडकीचा उजेड पडला होता आणि डॉक्टर जणू विचारत होते, किती दिवसांपासून खोकला आहे?

"कुठेतरी चुकलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला बोट ठेवता येत नाही. पण मी रोज दवाखान्याच्या दारातून जाणार, आणि रोज मला कुणीतरी परका माणूस दिसणार."

दाराशी मिस्त्री चहाचा पेला घेऊन उभे होते. ओतकामाची भट्टी त्यांची. सकाळी टेम्पोत घालून पुतळा त्यांनीच आणला होता. "रविवारी पडदा सरकवायचाय," ते ताईंनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात पुटपुटले, "आणि मंगळवारी आम्हाला कळतंय की हे ते नव्हेत." मग मोठ्याने म्हणाले, "सलूनवाल्या अण्णांना बोलवा की. या रस्त्यावरची निम्मी डोकी त्यांच्या हाताखालून गेलीत. डॉक्टरांचंही."

अण्णा दहा मिनिटांत आले. गिऱ्हाईक साबण लावून बसवून आले होते, त्यामुळे घाईत होते. त्यांनी पुतळ्याच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयीने सरळ पाठीमागे गेले, डाव्या हाताचा पंजा डोक्यावर ठेवला, मान किंचित पुढे झुकवल्यासारखं केलं आणि उजव्या अंगठ्याने कान दुमडायला गेले. ब्राँझचा कान काही दुमडला नाही. अण्णा स्वतःशीच हसले, मग हसायचे थांबले.

"कान डॉक्टरांचे नाहीत," ते म्हणाले.

"कान?" मुलगा म्हणाला. "कान कोण बघतं, अण्णा?"

"मी बघतो. वस्तरा तिथेच लागतो. डॉक्टरांचे कान डोक्याला असे चिकटून होते, वर जरा टोकदार. हे तर चांगले मोकळे आहेत, वारा खाणारे."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "कान," त्या म्हणाल्या. "हो. कान."

आता सगळे ताईंकडे बघत होते. ताईंना कबूल करावं लागलं, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते कबूल करायची तयारीही नव्हती. त्यांनी सांगितलं की लोक जो फोटो आणून देतात तो समोरून काढलेला असतो. त्यात कानांच्या नुसत्या कडा दिसतात, त्याही धूसर. आतल्या वळ्या कळत नाहीत. मग कुणाचे तरी खरे कान बघून करावे लागतात.

"कुणाचे?" मुलाने विचारलं.

"आमच्या ह्यांचे," ताई म्हणाल्या.

मिस्त्रींना हसू फुटलं. "म्हणजे स्टेशनासमोरच्या पुढाऱ्याला साहेबांचे कान? आणि पोहण्याच्या तलावावरच्या मास्तरांनाही?"

"सगळ्यांनाच," ताई म्हणाल्या. "एकेचाळीस."

अण्णांनी मात्र खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला होता. ते पुन्हा पुतळ्याच्या मागे गेले, वाकून डावा कान बघितला, मग उजवा. "साहेबांचे?" ते म्हणाले. "नाही हो, ताई. बावीस वर्षं मी साहेबांचे केस कापले. त्यांच्या कानाची पाळी खाली लोंबायची नाही, गालाला धरून होती. आणि डाव्या कानाला वरच्या कडेला एक खाच होती, इथे. लहानपणी सायकलवरून पडले होते म्हणाले. कात्री तिथे अडायची, म्हणून माझ्या लक्षात आहे. हे साहेबांचेही नाहीत."

सायकलवरून पडल्याची गोष्ट ताईंना माहीत होती. पण त्यांच्या आठवणीतल्या त्या गोष्टीत कोपर फुटलं होतं.

"मग हे आहेत तरी कुणाचे?" मुलगा म्हणाला.

अण्णांना गिऱ्हाइकाची आठवण झाली आणि ते गेले. मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. "कान कापून नवे जोडता येतील, त्यात काही नाही," ते म्हणाले. "पण ओतायला मेणाचे कान मला उद्या संध्याकाळी हातात पाहिजेत. परवा भट्टी. त्यापुढे मी ऐकणार नाही, ताई. आधीच सांगतो."

ताईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं. तिथे खिळ्याला नमुन्याचे प्लास्टरचे दोन कान टांगलेले होते, धुळीने पिवळट झालेले, आणि पहिल्यांदाच त्यांना ते ओळखीचे वाटेनात.

*

पहिला पुतळा केला तेव्हा ताई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि लग्नाला पाच महिने झाले होते. पुतळा होता एका कडक हेडमास्तरांचा. फोटो समोरून काढलेला. कानांशी येऊन ताई अडल्या, तेव्हा नवरा म्हणाला, माझे घे की, माझं काय जातंय. हवामान खात्यात तो नोंदी घ्यायचा. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, पारा, वारा, पाऊस. शांत बसून राहणं हा त्याचा पेशाच होता. संध्याकाळी तो स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन बसला आणि ताईंनी त्याचे कान मातीत उतरवले.

त्यानंतर तो शिरस्ताच पडला. चेहरा होत आला की तो दारातून विचारायचा, "आज कान लागणार का?" ताई हो म्हणायच्या आणि तो स्टूल ओढायचा. लोकांना तो सांगायचा, "बायको मूर्तिकार आहे, मी कानपुरवठा करतो."

आठ पुतळे असे झाले. नवव्याच्या वेळी मुलगी तापाने फणफणली होती, काम तुंबलं होतं, आणि त्याने दारातून विचारलं तेव्हा ताई वर न बघता म्हणाल्या, "नको. हाताला पाठ झालेत आता."

त्याला वाईट वाटलं असं काही दिसलं नव्हतं. निदान ताईंना दिसलं नव्हतं. तो पुढेही कितीतरी वर्षं विचारायचा, थट्टेने, पेपर काखेत धरून: "आज कान लागणार का?" ताईंचं उत्तर ठरलेलं, "नको, पाठ आहेत." केव्हातरी त्याने विचारणं सोडलं. कोणत्या वर्षी, ते ताईंना सांगता आलं नसतं. चार वर्षांपूर्वी तो गेला.

मंगळवारी संध्याकाळी ताईंनी फोटोंचा पत्र्याचा डबा पलंगावर रिकामा केला. नवरा फार थोड्या फोटोंत होता, कारण कॅमेरा बहुतेक त्याच्याच हातात असायचा. लग्नाच्या फोटोत त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे केस कानांवर आलेले. थंड हवेच्या गावी मफलर. ऑफिसच्या ओळखपत्रावर चेहरा समोरून, ताठ, आणि कान धूसर. ताईंनी भिंग लावून बघितलं. भिंगाखाली कानाचे नुसते ठिपके झाले.

त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाबांच्या कानाची पाळी चिकटलेली होती की सुटी?"

"काय?"

"कानाची पाळी. खालची."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "आई, तू बरी आहेस ना?"

"मला कामासाठी पाहिजे."

"मोठे होते कान," मुलगी म्हणाली. "म्हणजे मला वाटतं मोठे होते. मी त्यांच्या खांद्यावर बसायचे तेव्हा कान धरून बसायचे. थांब, मी माझे बघते." ती आरशाकडे गेली असावी. "माझी चिकटलेली आहे. तुझी?"

ताईंनी हात लावून बघितला. "सुटी."

"मग बाबांची चिकटलेली असेल. नाही, थांब, तसं नक्की म्हणता येत नाही. आमच्या पुस्तकात तसं सोपं करून लिहिलंय, पण ते खरं नाही. बरीच कारणं असतात." तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. "गंमत आहे. मी त्यांचे कान धरून अख्खी जत्रा बघितली असेल, आणि मला आठवत नाहीयेत. पण तुला आठवायला हवेत, आई. तू तर केलेयस ते."

"हो," ताई म्हणाल्या. "मी केलेत."

*

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाई एकट्याच आल्या. खुर्ची पुढे केली तर त्यांनी ती उचलली आणि पुतळ्याच्या मागे नेऊन ठेवली, जराशी डावीकडे.

"मी इथे बसायचे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. ते पुढे टेबलाशी, मी मागे पुड्या बांधायला. घरी आले की जेवताना डोळ्यांसमोर पुस्तक धरायचे. मग समोरून मी त्यांना बघणार कधी?"

ताईंनी जुने कान कापून काढले होते. तिथे आता दोन खडबडीत भोकं होती आणि डॉक्टर जरा उघडे पडल्यासारखे वाटत होते. ताईंनी मेण हातात घेऊन ऊब दिली, डावा कान ढोबळ आकाराने घडवला आणि जागेवर टेकवला.

"आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून आत. चिकटून होते ते. हां. आता वरून जरा... नाही, एवढं टोक नको, अण्णांचं काही ऐकू नका. बोट टेकवल्यासारखं टोक."

ताईंनी बोट टेकवलं.

"पेशंट खोटं बोलायला लागला की आधी कान लाल व्हायचे यांचे. तोंडावर काही नाही, आवाज तोच. पेशंटला पत्ता नसायचा. मी मागून बघायचे आणि समजायचे, आता पाच मिनिटं पुढचा माणूस आत सोडायचा नाही." त्या पुढे झुकल्या. "ही आतली वळी खाली सरळ येत नव्हती. मध्येच दुमडायची. कागद चुरगळल्यावर पडते ना, तशी."

ताईंनी कोरणीने वळी दुमडली. हे काम त्यांनी असं कधी केलं नव्हतं. डोळ्यांसमोर फोटो नाही, माणूस नाही, आणि तरी मेण एका विशिष्ट कानाकडे निघालं होतं. दुसऱ्याची आठवण आपल्या बोटांतून जाताना त्यांना जाणवत होती आणि त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास डॉक्टरीणबाईंचं बोलणं थांबलं. ताईंनी मागे वळून बघितलं. बाई चष्मा पुसत होत्या.

"बरोबर नाही का?"

"बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात लावू नका आता."

उजवा कान व्हायला वेळ लागला नाही. जाताना पायरीवर बाई थांबल्या. "तुमच्या यजमानांचे कान कसे होते हो? अण्णा म्हणाले ते खरं का?"

ताई हाताला लागलेलं मेण नखाने काढत राहिल्या. "बघते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मिस्त्री मेणाचे कान न्यायला आले. डब्यात भुसा घालून त्यांनी ते अंडी ठेवावीत तसे ठेवले. ताईंनी विचारलं, "धातू निवताना आटतो. तुमचा हिशेब काय?"

"शंभराला दीड. फार तर दोन. का?"

"भिंतीवरचा प्लास्टरचा कान आधी मी बाराव्या पुतळ्यावरून घेतला होता. तो फुटला तेव्हा विसाव्यावरून घेतला. नंतर अजून एकदा. दर खेपेला थोडं आटत गेलं असेल का? त्याने आकार बदलला असेल का?"

मिस्त्रींनी भिंतीवरच्या कानाकडे बघितलं, मग ताईंकडे. त्यांना प्रश्नात दुसरंच काहीतरी ऐकू आलं असावं. "आटतो, ताई," ते सावकाश म्हणाले. "पण सगळीकडून सारखा आटतो. धातूने पाळी लोंबत नाही."

*

गुरुवारी भट्टी पेटली आणि ताईंना दिवसभर काही काम उरलं नाही. त्यांनी पिशवीत कॅलिपर आणि वही टाकली आणि त्या बाहेर पडल्या.

पहिल्या पुतळ्याकडे सरळ जाता आलं असतं. पण नवऱ्याबरोबर तीस वर्षं काढल्यावर एक सवय त्यांनाही लागली होती: एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, नोंदी ओळीने घ्यायच्या. शिवाय त्यांना जरा भीतीही वाटत होती. म्हणून त्यांनी उलटीकडून सुरुवात केली.

अडतिसावा पुतळा स्टेशनासमोर होता. चौथऱ्यावर चढताना हवालदाराने हटकलं. "आजी, काय करताय?"

"मोजतेय."

"कशाला?"

"मी केलाय तो."

हवालदाराने पुढाऱ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि हात देऊन त्यांना वर चढवलं. पाळी, एकोणीस मिलिमीटर. सुटी. ताईंनी वहीत लिहिलं.

तलावावरच्या मास्तरांचा नंबर एकविसावा. एकोणीस. वाचनालयाच्या जिन्यातले देणगीदार, बारावे, अठरा. दूध डेअरीच्या आवारात नववा होता, ज्याच्या वेळी मुलीला ताप आला होता, पाठ झालेत म्हटल्यानंतरचा पहिला. सोळा, आणि पाळीचा जोड बघितला तर धड चिकटलेलीही नाही आणि सुटीही नाही. कानाने जणू अजून ठरवलंच नव्हतं. ताईंनी पुन्हा मोजलं. सोळाच. मागे दुधाच्या क्रेटचा खडखडाट चालला होता.

आकडे वाढत गेले होते. वर्षागणिक, थोडे थोडे, आणि अठरा-एकोणीसवर येऊन थांबले होते. काहीही नुसतंच बदलत असतं तर ते असं एका जागी येऊन थांबलं नसतं. ते कशाकडे तरी चाललं होतं आणि पोचलं होतं.

नवरा म्हणायचा, वाचन चुकतंय असं वाटलं की आधी हवेला दोष देऊ नये. आधी आपलं साधन तपासावं. डेअरीच्या कार्यालयाच्या काचेत ताईंना स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, कान उघडे. त्यांनी कॅलिपर उचलला आणि आपल्या डाव्या कानाला लावला. टोकं थंड लागली. मग कॅलिपर हलू न देता खाली आणून पट्टीवर धरला.

एकोणीस.

काचेमागचा कारकून पेन हातात धरून त्यांच्याकडे बघत होता.

म्हणजे ते असं होतं. हात ज्याला पाठ म्हणत होता, त्यात त्याने हळूहळू ताईंचाच कान भरला होता. रोज सकाळी केस बांधताना बोटांना जो कान लागतो, तो. शहरातले पुढारी, देणगीदार, मास्तर, सगळे त्यांचे कान लावून चौकाचौकांत उभे होते, आणि त्या इतकी वर्षं त्यांच्याजवळून जाताना मनात म्हणत आल्या होत्या, हे बघा, आमचे हे.

त्यांना हसू आलं की काय आलं, ते त्यांना कळेना. चार वर्षं त्या मनाला समजावत होत्या की माणूस गेला, पण त्याचं एवढं तरी ठिकठिकाणी आहे. निदान एवढं तरी मी ठेवलं.

आता फक्त पहिला पुतळा उरला.

*

शाळेची नवी इमारत झाली तेव्हा हेडमास्तरांना बागेतून उचलून व्हरांड्याच्या कोपऱ्यात आणलं होतं, उजवी बाजू भिंतीला जवळजवळ टेकवून. ताई पोचल्या तेव्हा मधली सुटी होती आणि पुतळ्यासमोर दहा-बारा मुलींची रांग लागली होती. एकेक मुलगी पुढे यायची, टाचा उंचवायची, हेडमास्तरांचा डावा कान धरून ओढायची आणि पळायची.

"काय चाललंय?" ताईंनी रांगेत पुढे आलेल्या मुलीला विचारलं.

"भूगोलाची चाचणी आहे."

"कान ओढला की भूगोल येतो?"

"येत नाही," मुलगी म्हणाली. "पण सगळेच ओढतात. हे सर आधी सगळ्यांचे कान पिळायचे ना. माझ्या आजीचा पिळलाय. तिने सांगितलंय, माझ्या वाटचाही एक ओढ."

ताई पुढे झाल्या. पुतळ्याचा सगळा चेहरा काळपट हिरवा झाला होता आणि एक डावा कान तेवढा सोन्यासारखा पिवळा लखलखत होता. वरची कड झिजून गेली होती. आतल्या वळ्या पुसट झाल्या होत्या. ओढ्यातला गोटा दिसतो तसा तो कान दिसत होता. पस्तीस वर्षं, वर्षाला काही शे मुलं. ताईंनी मनात गुणाकार केला आणि सोडून दिला. त्यांनी कॅलिपर लावून बघितला. टोकं घसरत होती, मोजायला कड अशी नव्हतीच. जिथे खाच असायला हवी तिथे किंचित खोलगट लागत होतं. पण मुलींचा अंगठाही बरोबर तिथेच बसत होता.

राहिला उजवा कान. भिंत आणि डोकं यांच्या फटीत दोन बोटं जात होती, नजर जात नव्हती. ताईंनी खांदा भिंतीला टेकवला आणि बोटं आत सरकवली. धूळ, एका कोळ्याचं जाळं, आणि मग कड. तिच्या आतली वळी. ही कुणी ओढली नव्हती. बोटाखाली तिची धार अजून शाबूत होती. त्या हळूहळू खाली आल्या. पाळीशी आल्या. आणि तिथे कान संपून गाल सुरू होत होता की भिंतीला दर दोन वर्षांनी लावलेल्या रंगाचे थर मध्ये साचून घट्ट झाले होते, बोटाला सांगता येईना. नखाने खरवडलं असतं तर कळलं असतं. त्यांनी नख टेकवलं, आणि काढून घेतलं. पुन्हा टेकवलं.

"आजी, तो नाही ओढायचा," मागून कुणीतरी सांगितलं. "डावा."

ताईंनी फटीतून हात बाहेर काढला. बोटांना पांढरा चुरा लागला होता. भिंतीचा की आणखी कशाचा, तेही त्यांना कळलं नाही. रांग आता त्यांच्यामागे लांबली होती आणि सगळ्यात पुढे मघाचीच मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"आजी, तुम्हाला अजून लागणार आहे का कान?" तिने विचारलं. "घंटा होईल."

ताईंनी बोटांवरचा चुरा पदराला पुसला.

"हो," त्या म्हणाल्या. "लागणार आहे."

मुलीने मागे वळून बाकीच्यांना थांबायची खूण केली. रांग कुरकुरली आणि गप्प झाली. ताईंनी कॅलिपर मिटून पिशवीत टाकला, डोळे मिटले आणि तो झिजलेला डावा कान अंगठा नि बोटाच्या मध्ये धरला. व्हरांड्याच्या त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं. तरी कान कोमट होता.